बाबालाल हेडीच्या पापण्या

पौडच्या बाजारात बाबालाल हेडीला कोणी बोडक्या डोक्यानं पाहिलं असेल तर ते फक्त सौदा करताना. एरवी त्याचा तांबडा रुमाल कपाळाला असा करकचून आवळलेला असायचा, की बघणाऱ्याचंच डोकं ठणकावं. मी त्याला कितीदा तरी म्हणालो, "अरे, जरा सैल बांध की. मेंदूला रगत जायचं थांबंल." तो म्हणायचा, "मेंदू कुटं लागतुया आपल्या धंद्याला, जयसिंगा? बोटं लागत्यात."

माझं हॉटेल बाजारतळाच्या कडेला, शेळ्यामेंढ्यांच्या अंगाला. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि वर पत्रा, पण पाटीवर हॉटेल लिहिलंय म्हणून हॉटेल. सौदा मिटला की त्याचा चहा माझ्याकडे व्हायचा, त्यामुळे बाबालालचा धंदा चालला तर माझा चालायचा. तेव्हा मी सांगतोय ते ऐकीव नाही, भट्टीमागून बघितलेलं आहे. बाजारात सगळ्यात नीट दिसतं ते चहावाल्याला, कारण त्याच्याकडे कोणाचं लक्षच नसतं.

हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हेडी उकिडवा. तो डोक्यावरचा रुमाल सोडतो, आपल्या उजव्या हातावर टाकतो, आणि त्याच्या आडून आधी विकणाऱ्याचा हात धरतो. विकणारा बोटं दाबून आपला भाव सांगतो. मग हेडी वळतो आणि तसाच रुमालाखाली घेणाऱ्याचा हात धरतो. तोंडानं चकार शब्द नाही. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी भाव त्या तिघांखेरीज कोणाला कळत नाही. आणि रुमाल डोक्यावरचाच लागतो. खांद्यावरचा पंचा चालत नाही. डोक्यावरचा रुमाल हातावर आला म्हणजे हेडीनं आपली अब्रू मध्ये घातली, असा आमच्याकडचा रिवाज. मला तो कायम पोरकट वाटत आला, पण मला कोण विचारतो?

आता बाबालालच्या पापण्यांकडे येऊ. त्या त्याला बापाकडून मिळालेल्या. चाळिशी उलटली तशी वरची कातडी सुटायला लागली आणि पन्नाशीला ती पार डोळ्यांवर उतरली. समोरच्याचं तोंड बघायचं तर मान मागं टाकायची, नाहीतर बोटानं पापणी उचलायची. त्यावर त्यानं उपाय काढला होता रुमालाचा. कपाळाला रुमाल आवळला की तिथली कातडी वर ओढली जायची आणि तिच्याबरोबर पापण्याही वर, निदान वाट दिसेल एवढ्या फटीपुरत्या. हे फक्त मला आणि त्याच्या बायकोला, गुलशनभाभीला, ठाऊक होतं. रोज सकाळी गाठ तीच मारून द्यायची, गुडघा त्याच्या पाठीला लावून; बाजारात सौद्यानंतर तो माझ्या हॉटेलमागं जाऊन स्वतः मारायचा.

पण गंमत बघा. सौद्यासाठी रुमाल सोडला रे सोडला, की पापण्या खाली! म्हणजे डोळ्यांची खरी गरज ज्या घडीला, नेमका त्याच घडीला आमचा गडी आंधळा.

बाजाराला यातलं काही कळलं नाही. उलट बाबालालचं वजन वाढलं. दुसऱ्या हेडींच्या डोळ्यांत घेणाऱ्याला काही ना काही दिसायचं. विकणारा अडलेला आहे की नाही, आणखी खाली येईल की नाही, हे हेडीच्या नजरेतून फुटायचं. बाबालालच्या तोंडावर पडदाच टाकलेला. त्यामुळे विकणारे त्याच्याकडे यायचे आणि घेणारेही त्याच्याकडेच यायचे. लोक म्हणायचे, "बाबालालच्या मनातलं त्याच्या बायकूलाबी कळत न्हाई." हे गुलशनभाभीच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "मनात काई असंल तर कळंल की."

मधूनच तो डाव्या हाताच्या बोटानं एखादी पापणी उचलून बघायचा. बाजारानं त्याचाही अर्थ लावून टाकला. डावी पापणी उचलली की भाव चढणार, उजवी उचलली की उतरणार. काही रिकामटेकडे तर माझ्या बाकड्यावर बसून त्यावर चहाच्या पैजा लावायचे. प्रत्यक्षात बाबालाल डावी पापणी उचलायचा ती पुण्याची एस.टी. आली का बघायला, आणि उजवी उचलायचा ती मी त्याच्या चहात पाणी घालतोय का बघायला.

हे असंच चालून गेलं असतं, पण एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात नाथा आणि म्हसू या दोघा भावांचा बोकड बाजारात आला.

नाथा-म्हसू धरणाच्या वरच्या अंगाचे धनगर. दोघांचा वाडा एक, मेंढरं एक, आणि हाताचे घट्टेही एकसारखे. बोकड काळाभोर, शिंगं मागं वळलेली, बघत राहावं असा. घेणारा सलीम, पुण्याचा खाटीक, तरणाबांड आणि घाईचा माणूस. बाबालाल मध्ये बसला. डावीकडे म्हसू, उजवीकडे बाभळीच्या सावलीत सलीम. नाथा बोकडाचं दावं धरून उभा. बाबालालनं रुमाल सोडला, पापण्या उतरल्या, आणि तो म्हसूकडे वळून त्याचा हात चाचपायला लागला.

म्हसूनं भाव सांगायला वेळ घेतला. तो प्रत्येक गोष्टीला वेळ घेतो. सलीम कंटाळला, उठला, आणि "एक कप मार रे जयसिंगदादा" म्हणत माझ्या बाकड्यावर येऊन बसला. सावलीतली जागा रिकामी झाली. ऊन मी म्हणत होतं. नाथानं दावं बाभळीला अडकवलं आणि तिथं बूड टेकलं.

सलीम माझ्यासमोर बशीत चहा ओतत होता आणि तिकडे त्याचा सौदा चालू झाला! ओरडावं असं माझ्या मनात आलं, पण दूध उतू चाललं होतं. बाबालाल म्हसूचा भाव घेऊन उजवीकडे वळला आणि त्यानं रुमालाखाली नाथाचा हात धरला. नाथाला वाटलं, घेणाऱ्याचा भाव घेऊन हेडी आपल्याला विचारायला आलाय. भाव चांगला होता. पण हावरट माणूस, त्यानं आणखी एक बोट चढवलं. बाबालालला वाटलं, सलीम मागितलं त्याच्याहून एक बोट जास्त देतोय! तो चकितच झाला. आणि हेडी असला तरी तो सरळ माणूस. त्यानं लगेच वळून म्हसूला एक बोट जास्त दिलं. म्हसूच्या तोंडावर जे हसू आलं ते मला भट्टीपासून दिसलं.

"झाला सौदा!" बाबालाल गरजला. "सलीमशेट, काढ इसार!"

नाथानं विसार घ्यायला हात पुढं केला. समोरून म्हसूनंही केला. दोघं भाऊ एकमेकांपुढं हात पसरून बसले, आणि त्यांच्या मध्ये बाबालाल, रुमाल हातावर, पापण्या खाली, तोंडभर समाधान.

"चाचा," सलीम माझ्या बाकड्यावरून म्हणाला, "मी तर इथं चहा पितोय."

बाजार हसून लोळला. बोकडसुद्धा ओरडला. नाथा उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "आमचाच बोकड आमालाच इकलास व्हय रं बाबालाल? आन् तोबी म्हाग?"

बाबालालही हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसला. पण नंतर रुमाल बांधायला तो माझ्या हॉटेलमागं आला तेव्हा त्याला गाठ मारता येईना. दोनदा मारली, दोनदा सुटली. मी मारून दिली. 

पुढच्या बाजारापासून थट्टा सुरू झाली. घेणारा हात पुढं करताना मोठ्यानं सांगायचा, "मी घेनारा हाय बरं का!" इथवर ठीक होतं. पण हळूहळू माणसं भिकूकडे जायला लागली. भिकू म्हणजे दुसरा हेडी, डोळे चांगले पण जीभ तिरकी. जो गेला तो बाबालालकडे न बघता जायचा, जणू तो तिथं नाहीच. माझ्याकडचा सौद्याचा चहा निम्म्यावर आला, आणि माझं डोकं फिरलं ते वेगळंच.

एका सकाळी गुलशनभाभी पदर खोचून हॉटेलात आली. ती कधी हॉटेलात येत नसे. "जयसिंगभावजी," ती म्हणाली, "ह्येस्नी घिऊन पुन्याला चला. डोळ्याच्या दवाखान्यात. मी एकलीनं वढून ऱ्हायली, ते हालंनात."

बाबालाल मागंच उभा होता, मान मागं टाकून. "जाऊन काय करू?" तो म्हणाला. "तितं पापन्या कापत्यात म्हनं. समजा कापल्या, आन् डोळं उघडं पडलं. मग? बाजाराला माजी नजर दिसंल. समदं दिसंल. नजर दिसनारा हेडी कुनाला पायजे? मला तर काई लपवायला येतच न्हाई, जयसिंगा. आजपत्तुर झाकलेलं व्हतं म्हनून निभलं. डोळं उघडलं तर धंदा बसला."

"आन् न्हाई उघडलं तर?" भाभीनं विचारलं.

"तरीबी बसला."

"मंग उघडं ठिवूनच बसू द्या. निदान बसताना दिसंल तरी."

आम्ही तिघं दुपारच्या गाडीनं पुण्याला गेलो.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, अंगानं किडकिडीत आणि बोलायला फटकळ. त्यांनी बाबालालचा रुमाल सोडायला लावला. पापण्या उतरल्या. बाईंनी अंगठ्यानं एक उचलली, दुसरी उचलली, आत उजेड टाकून पाहिलं, आणि म्हणाल्या, "डोळे उत्तम आहेत तुमचे. मोतीबिंदू नाही, काही नाही. वरची कातडी सैल पडून लोंबतेय, एवढंच. जास्तीची कातडी काढायची आणि टाके घालायचे. भूल तेवढ्याच जागी देऊ. आणि हो, तो रुमाल एवढा घट्ट बांधणं आधी बंद करा. डोकं दुखत नाही का?"

"दुखतं की," बाबालाल म्हणाला. "वीस वर्सं दुखतंय."

हे मला नवीन होतं. भाभीलाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रोज सकाळी गाठ तिनंच मारलेली.

मग बाबालालनं घसा खाकरला आणि सौद्याला बसल्यासारखा पुढं सरकला. "बाई, एक इचारू का? एकाच डोळ्याचं करा."

"एकाच? का?"

"एक बघायला हुईल. दुसरा धंद्याला ऱ्हाऊ द्या झाकलेला."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं असावं हा थट्टा करतोय. मग मी सगळं सांगितलं, रुमाल, बोटं, नाथा-म्हसूचा बोकड. बोकडापाशी आल्यावर त्या हसू दाबायला खाली वाकून टेबलाचा खण उघडून बसल्या. वर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. "करता येईल की एकच," त्या म्हणाल्या. "पण मग तुम्ही जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळा मारताय असं दिसेल. बाजारात बायकाही येत असतील ना?"

बाबालालनं बोटानं पापणी उचलून भाभीकडे पाहिलं. भाभीनं त्याच्याकडे पाहिलं.

"दोनीबी करा," तो म्हणाला.

ऑपरेशनला तो टक्क जागा होता आणि सबंध वेळ बोलत होता, हे बाईंनीच नंतर सांगितलं. आत नर्सला त्यानं चांगला बोकड कसा ओळखावा ते शिकवलं. बाहेर आला तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, आणि पहिलं वाक्य, "जयसिंगा, मेंढराची लोकर कातरत्यात ना, तसा आवाज आला बग." टाके काढायला पुन्हा जावं लागलं. येताना एस.टी.त त्याच्या निळ्याकाळ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघून कंडक्टरनं विचारलं, "काय पाव्हणं, मारामारी?" मी म्हणालो, "बायकोनं." चांदणी चौक येईपर्यंत गुलशनभाभी माझ्याशी बोलली नाही.

सूज उतरली आणि बाबालालचे डोळे घारे निघाले.

पौडला हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं. इतकी वर्षं माणूस डोळ्यांदेखत वावरला आणि त्याच्या डोळ्यांचा रंग कोणी नीट पाहिला नव्हता. तो बाजारतळावर आला तेव्हा रुमाल डोक्याला सैलसर, नुसता शोभेला, आणि खाली ते दोन घारे टपोरे डोळे. माणसं थांबून थांबून बघायला लागली. "मला लग्नाआदीच ठावं व्हतं," असं गुलशनभाभी जो विचारेल त्याला सांगत होती, आणि जो विचारत नव्हता त्यालाही.

माझ्या हॉटेलात येऊन त्यानं कप उचलला आणि निरखून पाहिला. "जयसिंगा, तुज्या कपाला कान न्हाई रं. इतकी वर्सं मी बिनकानाच्या कपातनं पितुया?" मग त्याला पत्र्यावरचं जाळं दिसलं, बरणीतली लाडवांवरची मुंगी दिसली. डॉक्टरीणबाईंनी एकाच डोळ्याचं करायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत झालं.

पण तो खुशीत होता आणि त्याला खुशीत बघून मलाही बरं वाटत होतं, हे खोटं नाही. ती खुशी पहिल्या सौद्यापर्यंत टिकली. नाथा-म्हसूच येऊन बसले, मोठ्या मनानं, नवा बोकड घेऊन. समोर सलीम, या वेळी जागचा न हलता. रुमाल हातावर आला. पापण्या वरच राहिल्या. म्हसूनं भाव सांगितला आणि बाबालालच्या डोळ्यांत तो लख्ख उमटला. भाव फुगवलेला आहे, म्हसू खूप खाली येईल, हे तिथं पाटीवर लिहिल्यासारखं दिसत होतं. मला भट्टीमागून दिसलं, मग सलीमला काय? त्यानं बाबालालच्या बोटांकडे लक्षच दिलं नाही. नुसता डोळ्यांत बघत राहिला आणि भाव पाडत गेला. बोकड पडत्या भावात गेला.

"तुज्या डोळ्यांनी बुडिवलं आमाला," नाथा म्हणाला, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

तेव्हापासून बाबालाल सौद्याला बसला की डोळे मिटून घ्यायला लागला. आधी पापण्या आपोआप पडायच्या, आता हा मुद्दाम मिटायचा, घट्ट, सुरकुत्या पडेपर्यंत. बसण्याआधी माणसं नीट बघून ठेवायचा, एवढाच फरक. लोकांचा तरी भरवसा बसेना. कधी डोळे किलकिले होतील आणि भाव सांडेल, याचा नेम नाही, असं भिकू सांगत फिरत होता. भाभी घरी तोंड वाजवायची, "मिटायचंच व्हतं तर कापून कशापायी घेतल्या?" बाबालाल डोळे चोळत बाजाराची वाट धरायचा. एक दिवस तो माझ्याकडे चहा पिताना म्हणाला, "मी आता ह्यो धंदा सोडतो, जयसिंगा. मला दुसरं काई येत न्हाई, पर ह्येबी आता येत न्हाई." मी चिडून म्हणालो, "चहा पी गुमान." दुसरं काय बोलणार? मला रडू येत होतं.

त्यानंतरच्या बाजाराला भागूबाई आली.

भागूबाई म्हणजे गेणबा धनगराची बायको. गेणबा पावसाळ्याच्या तोंडाला वारला होता. ती एकटीच, पांढरा बोकड घेऊन, ताठ चालत आली आणि थेट बाबालालसमोर फतकल मारून बसली. आमच्याकडे बाया जनावर घेऊन बाजाराला यायच्या, पण सौद्याला बाप्या बसायचा. बाई लांब उभी राहून दावं धरायची. भागूबाईच्या घरात आता बाप्या नव्हता. समोर सलीम येऊन बसला. बघे जमले.

बाबालालनं रुमाल सोडला, डोळे मिटले, हात पुढं केला. बाईचा हात भर बाजारात धरायचा कसा, म्हणून बघे पुढं सरकले. मग भागूबाईनं आपला हात रुमालाखाली सरळ घातला. बाबालालनं भावाची खूण विचारायला बोटं दाबली. भागूबाईनं हात तसाच ठेवला. त्यानं पुन्हा दाबली.

"माजी बोटं कशापायी दाबतुयास?" भागूबाई खेकसली.

बघे हसले. बाबालाल मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "भागूबाई, भाव सांगा. बोटानं सांगायचा आसतुया."

"मला न्हाई येत. गेणबाला यायचं. त्यानं मला शिकिवलं न्हाई आन् तुमी कुनीबी शिकिवलं न्हाई. कोकरागत पाजून जनावर मी वाढिवलं, पाला मी आनला, रातचं वाघराला हाकलायला मी उटले. भाव गेणबा सांगायचा. कितीला गेलं ते मला घरी गेल्यावर कळायचं. आन् तू डोळं मिटून काय बसलायस? पुन्याला जाऊन उघडून आनल्यात म्हनं. उघड की! बग माज्याकडं!"

बाबालालनं डोळे उघडले.

भागूबाईनं त्या घाऱ्या डोळ्यांत रोखून बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "बाबालाल, मागल्या साली आसलाच बोकड व्हता. तूच केलावतास सौदा. गेणबा घरी यिऊन म्हनला, शंभर झालं. शंभरच झालं व्हतं?"

हेडीनं रुमालाखालचा भाव विकणारा मेल्यावरही सांगायचा नसतो. बाबालालनं सांगितला नाही. तोंड घट्ट मिटून बसला. पण डोळ्यांना कोण गप्प करणार? ते भागूबाईच्या तोंडावरून खाली गेले, तिच्या फाटक्या लुगड्यावर थांबले, पुन्हा वर आले, आणि मग त्याला तिच्याकडे बघवेना.

"कळलं," भागूबाई म्हणाली.

मला वाटलं आता ही रडणार, नाहीतर शिव्या घालणार. भागूबाईनं पदर तोंडाला लावला, आणि त्यामागून खुसखुस आवाज आला. "तरीच!" ती म्हणाली. "तरीच मेला दर बाजाराला आखाड्यात कुस्त्यांवर पैसं उडवून यायचा आन् म्हनायचा गाडी चुकली!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम. मग तिनं रुमालाखालचा आपला हात काढून घेतला आणि पदरानं पुसला. "बास झालं बोटाबोटाचं. ह्येचं किती येत्यात त्ये तोंडानं सांग. मला माज्या कानानं ऐकायचंय."

बाबालालनं रुमाल हातावरून काढला आणि बाजूला ठेवला. उठून बोकडाच्या पाठीवर हात फिरवला, दात पाहिले, पुन्हा येऊन बसला. आणि भर बाजारात, उघड्या तोंडानं, उघड्या डोळ्यांनी म्हणाला, "दोनशे येत्यात, भागूबाई. सलीम दीडशापासनं सुरू करनार व्हता."

"याड लागलं का बाबालाल तुला?" भिकू ओरडला.

सलीमचं तोंड लाल झालं. मग तो मान हलवून हसायला लागला. "चाचा, दोनशे तर मला तुमच्या डोळ्यांत आधीच दिसले होते. आता दीडशे कोणत्या तोंडानं म्हणू?" त्यानं पैसे काढले आणि सवयीनं बाबालालकडे धरले. बाबालालनं हात मागं घेतला. सलीमनं ते भागूबाईच्या हातावर ठेवले. ती त्या नोटांकडे बघत राहिली. कनवटीला लावायला धोतर नव्हतं, खिसा तर नव्हताच. शेवटी पदराला गाठ मारली आणि ती गाठ मुठीत धरून माझ्या हॉटेलात आली, बाकड्यावर बसली, आणि सौद्याचा चहा स्वतः मागवला. मी तिला त्यातल्या त्यात बऱ्या कपातून दिला.

"मी संपलो, जयसिंगा," बाबालाल मला हळूच म्हणाला. "मेलेल्या मानसाचा भाव फोडला. आता कोन इतंय माज्याकडं?"

त्याचं खरंच होतं. पुढच्या बाजाराला बाप्ये सगळे भिकूकडे वळले. ते घरी किती सांगतात आणि रुमालाखाली किती घेतात, हे आपल्याला काय माहीत? पण बाबालालच्या डोळ्यांपुढं बसायला कोणी तयार होईना, यावरून मी काय समजायचं ते समजलो. बाबालाल आपल्या जागी एकटा बसून राहिला, रुमाल डोक्याला, हात गुडघ्यांवर. ऊन वर आलं. गुलशनभाभी त्याला घरी न्यायला आली आणि माझ्या भट्टीपाशी थांबली. दोघांनाही पुढं व्हायचा धीर होईना.

तेवढ्यात धरणाकडच्या रस्त्यानं बाया येताना दिसल्या. पुढं भागूबाई, मोकळ्या हातानं, नुसती वाट दाखवायला आलेली. मागं पाच-सहा जणी, प्रत्येकीच्या हातात दावं, दाव्याला शेरडू नाहीतर बोकड. बाजार ओलांडून, भिकूला ओलांडून, त्या सरळ बाबालालसमोर येऊन थांबल्या. पहिली बसली ती राजाबाई, करारी म्हातारी, तोंडात मिश्रीचा बार. बाबालालचा हात सवयीनं डोक्याकडे गेला, रुमाल सोडायला.

"त्यो ऱ्हाऊ दे तितंच," राजाबाई म्हणाली. "हिकडं बग आन् बोल."

बाबालालनं तिच्याकडे बघितलं आणि तो बोलायला लागला.